सूर्य जळालेला फोटो

मंजू, हार घातलेल्या तुझ्या फोटोत फोकस तुझ्यावर नाही. मागच्या पडद्याच्या झालरीवर आहे. झालरीचा एकेक मणी स्वच्छ दिसतोय आणि तुझं तोंड मात्र ताकात बुडवून काढल्यासारखं. कुणाच्या तरी मुंजीतला फोटो. तुझ्या 'अहों'नी शेजारची माणसं कापली आणि तेवढा तुकडा मोठा करून आणला. दुसरा सापडलाच नाही म्हणे. दहाव्याला आलेली प्रत्येक बाई त्याच्यापुढं हात जोडून उभी राहत होती आणि मी मागं सतरंजीवर बसून दातओठ खात होते. इतकी वर्षं जगाचे फोटो काढलेस आणि स्वतःचा एक धड फोटो मागं ठेवला नाहीस. कुणी कॅमेरा तुझ्याकडं वळवला की हात आडवा घालायचीस. आता भोग.

बायका म्हणाल्या, नंदाबाई रडल्या नाहीत. कशाला रडू? मला राग आलाय. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. ज्यांचं गेलेल्या माणसाशी भांडण अर्ध्यात राहिलेलं नसतं, ते म्हणत असतील. माझं राहिलंय. तू मध्येच उठून गेलीस आणि मी तशीच कमरेवर हात ठेवून उभी आहे.

खरं तर आपलं जमायचं काही कारणच नव्हतं. तू गणिताची, मी भूगोलाची, एवढीच स्टाफरूममधली ओळख. तू गुलमंडीतल्या कुलकर्ण्यांची लेक, आजोबा निजामाच्या कचेरीत लिहायला होते असं सांगणारी. मी बिडकीनकडची, कापसाच्या रानात वाढलेली. तुझ्या बोलण्याला इस्त्री, माझ्या बोलण्याला माती. मी 'काय करायलीस गं' म्हटलं की तू हसायचीस, आणि तू 'अगदी अगदी' म्हणालीस की मी. तुझी मुक्ता पुण्याला शिकायला गेली, घर तुला खायला उठलं आणि तू कॅमेरा घेतलास. बाकीच्या बायका अशा वेळी भिशी लावतात किंवा भजनी मंडळात जातात. तुला सूर्य पाहिजे होता.

आधी गारखेड्यातल्या तुझ्या गच्चीवरून चिकलठाण्याच्या बाजूला उगवायचा तो. मग समोरच्या बिल्डिंगचा एकेक मजला चढत गेला आणि तुझा सूर्य दर महिन्याला थोडा उशिरा उगवायला लागला. शेवटी तर तो पाण्याच्या टाक्यांमागूनच यायचा, अर्धा तापूनच. मग आपण शहराच्या कडेला सातारा परिसरातल्या टेकाडावर जाऊ लागलो. तिथं चुन्याच्या रेघा पडल्या, प्लॉट पडले, पत्र्याचं ऑफिस आलं आणि कुत्री सोडली त्यांनी आपल्या अंगावर. तू ट्रायपॉड उगारून उभी राहिलीस आणि मी गाडी चालू करून ओरडत होते की आधी बस, मग झाशीची राणी हो. त्या दिवशी मीच म्हणाले, चल माझ्या माहेरच्या रानात. तिथं उगवतीला नुसतं आभाळ आहे. कुठून बुद्धी झाली मला कुणास ठाऊक.

तुला गाडी येत नव्हती. शिकली नाहीस. मागाहून शिकेन म्हणालीस. म्हणून दर रविवारी पहाटे मी तुझ्या गेटपाशी यायचं, एकदाच हॉर्न द्यायचा आणि तू जुन्या शालीत गुंडाळलेला ट्रायपॉड बाळासारखा कवटाळून खाली यायचीस. बीड बायपास, मग पैठण रोड. थंडीत माझे हात हँडलवर आखडून जायचे आणि तू मागं बसून मला सेटिंग शिकवायचीस. मला शिकायचं नव्हतं. तरी पाठ झालं. आयएसओ शंभर. अ‍ॅपर्चर अकरा. शटर सेकंदाचा सव्वाशेवा भाग. उजेडाचं माप घ्यायचं ते सूर्याशेजारच्या आभाळाचं. थेट सूर्यावर धरलंस तर सगळंच काळं, आणि जमिनीवर धरलंस तर आभाळ जळतं. जळतं म्हणजे कोऱ्या कागदासारखं पांढरं होतं, त्यात काही उरत नाही.

तू आभाळावर माप धरायचीस. कायम. म्हणून तुझ्या प्रत्येक फोटोत वर केशरी, सोनेरी, जांभळं, सगळा शालू, आणि खाली एक काळा पट्टा. तो काळा पट्टा म्हणजे माझं माहेर होतं, मंजू.

मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "आमचं रान कुठं गेलं?" तू हसून म्हणालीस, "आहे गं, त्या काळ्यातच आहे. जळालेलं परत आणता येत नाही, नंदा. काळं मागाहून उघडता येतं." मग पिठाचं उदाहरण दिलंस. कॅमेरा फोटो दोन तऱ्हांनी ठेवतो. एक कच्चा, म्हणजे मळलेलं पीठ. त्याचं पुढं काय करायचं ते तुमच्या हातात. दुसरा म्हणजे भाजलेली भाकरी. आपण दोन्ही ठेवतो, म्हणून काळजी नाही, पिठातून रान बाहेर काढता येतं. मी म्हटलं, मग काढ की. तू म्हणालीस, मागाहून.

हा तुझा मागाहून! त्या शब्दाला आग लागो.

माझी माय तुझ्यावर हसायची. आखाड्यावरच्या, म्हणजे रानातल्याच, दोन खोल्यांतून ती किटली घेऊन बांधावरनं चालत यायची, डोईवर पदर, पायात भावाच्या जुन्या चपला. तिला काही केल्या कळत नव्हतं की दोन मास्तरणी रविवारची झोप सोडून इतक्या लांब कशाला येतात. "रोजच उगवतोय की," ती म्हणायची. "त्याचा काय फोटू काढायचा? अन् काढायचाच तर तोंड तरी धुऊ द्या त्याला." तू मोठ्यानं हसायचीस, वाकून नमस्कार करायचीस, आणि लगेच माझ्या कानात, "अगं, आईंना जरा थांबायला सांग ना, फ्रेममधून चालल्यात." मग माझी माय स्वतःच्या रानात, स्वतःच्या बांधावर, हातात किटली धरून उभी राहायची. चहा गार व्हायचा. सूर्य हातभर वर आला की तू मान हलवायचीस आणि मग तिला पुढं यायची परवानगी. तुला तेव्हाच एक रट्टा द्यायला पाहिजे होता.

मग दुष्काळ पडला. एक वर्ष गेलं, दुसरंही तसंच. विहिरीत दगड दिसायला लागले, कापसाची पऱ्हाटी गुडघ्याएवढीच राहून वाळली. शहरात आपल्या नळाला आठवड्यानं पाणी, आणि पैठण रोडला पहाटेपासून टँकरची रांग. त्यांच्या मागून जाताना मी रस्त्यावर गळणारं पाणी बघत गाडी चालवायचे. रानात पोचलो की धूळ. हवेतच उभी असायची, बसायची नाही. आणि तू, मंजू, तू कॅमेऱ्यातून डोळा काढून म्हणालीस, "नंदा, धुळीनं काय रंग आलाय बघ! असा लाल मी आजवर बघितला नव्हता."

धुळीनं उगवता सूर्य लाल दिसतो हे मीच पोरांना वर्गात शिकवते. मला माहीत होतं तू खोटं बोलत नव्हतीस. लालभडक, मोठा, देखणा सूर्य होता. पण माझा भाऊ तेव्हा विहिरीच्या काठावर बसून आत बघत होता. मी तुला म्हटलं, गप बस, हळू बोल. तू हळू बोललीस, पण फोटो थांबवले नाहीस.

त्याहून एक गोष्ट मला तेव्हा बोलता आली नाही, ती आत्ता बोलते. रंगाला ऊब यावी म्हणून तू कॅमेऱ्यात एक सेटिंग बदलायचीस. ऊन, सावली, ढगाळ अशी त्यात नावं असतात, आणि तू दर वेळी 'ढगाळ' लावायचीस. म्हणजे कॅमेऱ्याला वाटतं आभाळ भरलंय, आणि तो पिवळा-तांबडा रंग वाढवून देतो. दोन वर्षं माझ्या माहेरच्या माणसांनी ढग बघितला नव्हता. आणि तू बांधावर उभी राहून, चिमटीनं चाक फिरवून, ढगाळ लावायचीस. तुझ्या मनात काही वाईट नव्हतं. त्याचाच जास्त राग यायचा.

त्यातल्याच एका फोटोला बक्षीस मिळालं. वर लाल गोळा, खाली काळा पट्टा, पट्ट्यात बाभळीचा काळा आकार. खाली नाव, 'नवी पहाट'. शाळेच्या जिन्यात फ्रेम करून लावला. मी रोज त्याच्या शेजारून वर्गात जायचे आणि रोज मनात म्हणायचे, कुणाची गं नवी पहाट? स्टाफरूममध्ये पेढे वाटलेस तेव्हा मी पेढा खाल्ला आणि तुला म्हटलं, रानाला तेवढं उजेडात आण आता. मागाहून, म्हणालीस.

गॅदरिंगच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ तुला आठवत असेलच. मेल्यावर काय आठवतं ते मला माहीत नाही, पण ती सकाळ तू विसरली असशील असं मला वाटत नाही. आदल्या संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये तू पोरींच्या नाचाचे फोटो काढले होतेस. तिथं उजेड कमी, म्हणून आयएसओ सोळाशेवर नेला होतास. आयएसओ जितका जास्त, तितका कॅमेरा उजेडाला हपापलेला, हे तूच मला शिकवलेलं. सकाळी रानात आलीस, माप न घेताच सवयीनं अ‍ॅपर्चर बदललं, शटर बदललं, आणि आयएसओ तसाच सोळाशेवर विसरलीस. दुसरी कुणी असती तर पहिल्याच फोटोला मागच्या पडद्यावर बघून कळलं असतं. पण तुझा नियम! फोटो काढताना पडद्याकडं बघायचं नाही. पेपर लिहिताना मागची पानं उलटत बसलं की वेळ जातो, असं तू पोरांना सांगायचीस आणि स्वतःही पाळायचीस. पडद्यावर काळी चिकटपट्टीच लावलेली होती.

आणि नेमका त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी आभाळात चार पिसं होती. ढगाचीच. खालून पेटलेली. तू एकामागून एक काढत सुटलीस, श्वाससुद्धा घेत नव्हतीस. सूर्य वर आल्यावर चिकटपट्टी काढून बघितलंस आणि मटकन बांधावर बसलीस. सगळे पांढरे. आभाळ जळून गेलेलं. माय किटली घेऊन धावत आली, म्हणाली, "काय झालं? कुणी गेलं का?" मी बघू म्हटलं तर तू कॅमेरा छातीशी घट्ट धरलास, जसं काय मी हिसकावूनच घेणार होते. माझ्यावरच उखडलीस, की तू कानाशी बडबड करत होतीस म्हणून माझं चुकलं. सोमवारी मी विचारलं, काय केलंस त्या फोटोंचं? म्हणालीस, "उडवून टाकले. चुकलेलं गणित मी फळ्यावर ठेवत नसते."

मी विश्वास ठेवला.

पुढं जमीन गेली. आमच्याकडं असंच म्हणतात, म्हातारं माणूस गेल्यासारखं. कारखान्यांची वसाहत आली, आमच्यासकट शेजारपाजारची रानं तिच्यात गेली. बाभळ एका सकाळी मशीननं उपटली. विहीर मुरूम टाकून बुजवली. भावानं बायपासला फ्लॅट घेतला आणि माय तिथं राहायला गेली, तिसऱ्या मजल्यावर, समोर दुसऱ्या बिल्डिंगची भिंत. रानाच्या जागी एवढे मोठे रस्ते झाले की त्यावर विमान उतरावं. दिव्यांचे खांब लागले. माणूस एक नाही. आणि तू, हो तूच, म्हणालीस की आपण तिथंच जाऊ या अजून, खांबांची रांग सूर्यापर्यंत कशी सरळ जाते बघ ना. मी गाडी तिथंच थांबवली आणि तुला उतर म्हटलं. उतरली नाहीस. म्हणालीस, "सॉरी." तेवढी एकदाच म्हणालीस तू सॉरी.

मायला काचबिंदू निघाला. कडेकडेनं अंधारत जातं, मधलं तेवढं दिसतं, आणि गेलेलं परत येत नाही असं डॉक्टर म्हणाले. माय भिंतीकडं तोंड करून बसायची. एके दिवशी म्हणाली, "नंदे, त्या फोटूवाल्या बाईकडं आपल्या रानाचा फोटू असंल की. दिसायलंय तवर आणून तरी दाव." मला दुसरं काय सुचणार? शाळेच्या जिन्यातली ती फ्रेम काढून घेऊन गेले. मायनं ती डोळ्यांपाशी नेली, लांब धरली, पुन्हा जवळ घेतली, खालच्या पट्ट्यावर बोट फिरवलं. मग हळूच म्हणाली, "समदं काळंच हाय की गं. का माझेच डोळे गेले पुरते?"

मी तिला सांगितलं, नाही माय, डोळे आहेत तुझे, फोटोच काळा आहे. आणि तिथून थेट तुझ्याकडं आले. चप्पलसुद्धा काढली नाही. तुझ्या हॉलमध्ये उभी राहून मायचं ते वाक्य जसंच्या तसं तुला ऐकवलं. तुझं तोंड उतरलं. आत गेलीस, पाणी आणलंस, बसलीस. मला वाटलं आता कॉम्प्युटर उघडशील. तू म्हणालीस, "करते गं. जरा निवांतपणे करावं लागेल. मागाहून देते." त्यानंतर मी दर रविवारी विचारलं. तू दर रविवारी तेच म्हणालीस. मायचं दिसणं वाटीएवढं राहिलं तरी तुझा निवांतपणा काही उगवला नाही.

शेवटच्या रविवारी आपण करमाडच्या पुढं गेलो होतो. तू पुलाच्या कठड्यावर बसलीस आणि छातीवर मूठ दाबलीस. घाम आला होता, थंडीचा. पित्त झालंय म्हणालीस. पर्समधून गोळी काढून चघळलीस. आपल्या बायकांना पित्त काय नि काय, जीव गेला तरी पित्तच. मी म्हटलं ऊठ, दवाखान्यात जायचं. म्हणालीस, एवढा वर येऊ दे. मी तुझा ट्रायपॉड उचलला, पाय मिटले, तुला दंडाला धरून गाडीवर बसवलं आणि सरळ दवाखान्याच्या रस्त्याला लागले. सिग्नलला गाडी थांबली आणि तू उतरलीस. भर रस्त्यात. मी हाका मारत होते, मागचे हॉर्न वाजवत होते. तू रिक्षाला हात केलास आणि वळून म्हणालीस, "नंदा, मला शिकवू नकोस. मुक्ता आली की तिच्यासोबत जाऊन येईन मागाहून." तुझा ट्रायपॉड माझ्या गाडीवरच राहिला.

आठवडाभर आपण बोललो नाही. शाळेत तू त्या कोपऱ्यात, मी या कोपऱ्यात. मग रविवार यायच्या आधीच एका सकाळी तुझ्या अहोंचा फोन आला. चहा ठेवायला म्हणून उठलीस आणि ओट्यापाशी बसलीस ती बसलीसच. मुक्ता आली. मागाहून.

तेराव्यानंतर बडी बाईंनी, आपल्या मुख्याध्यापिकांनी, मला बोलावलं. त्या म्हणाल्या, शाळेच्या हॉलमध्ये मंजिरीबाईंच्या सूर्योदयांचं प्रदर्शन लावू, निवड तुम्हीच करा, तुम्हाला त्यातलं कळतं. म्हणून मी आणि मुक्ता तुझ्या टेबलापाशी बसलो. रंगच रंग. पोरगी प्रत्येक फोटोला 'किती सुंदर' म्हणून डोळे पुसत होती. मी तिला म्हटलं, बाळा, दुष्काळातले काढ आमच्या रानातले, आणि खालचं काळं उघडून दाखव मला, तुझी आई म्हणायची उघडतं म्हणून. तिनं काहीतरी सरकवलं. काळ्याची राख झाली. राखेत ठिपके, चौकोन, डाग. ना विहीर, ना बांध. दुसरा उघडला, तिसरा उघडला. सगळ्यांत राख. मुक्ता म्हणाली, "मावशी, हे कच्च्या फाइलींतून होतं. त्या नाहीयेत. जागा पुरत नाही म्हणून आई त्या उडवायची."

म्हणजे पीठ तू कधीच फेकून दिलं होतंस. नुसत्या भाकरी ठेवल्या होत्यास. आणि भाकरीचं परत पीठ होत नाही हे तूच मला सांगितलेलं. मी उठले, तुझ्या गॅलरीत गेले आणि समोरच्या बिल्डिंगच्या टाक्यांकडं बघत उभी राहिले. दर रविवारी तू 'मागाहून देते' म्हणत होतीस तेव्हा तुला हे ठाऊक होतं? का तुलाही आठवत नव्हतं? आणि आता मी हे कुणाला विचारायचं? या एका गोष्टीसाठी मी तुला माफ करणार नव्हते. तिथं गॅलरीत तसं ठरवूनच टाकलं होतं.

तेवढ्यात आतून मुक्ताची हाक आली. "मावशी, हे काय आहे? सगळेच बिघडलेत, आणि यांच्या कच्च्या फाइलीपण आहेत."

गॅदरिंगच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ होती. सगळीच्या सगळी. एकही उडवला नव्हतास.

वर आभाळ नाही. सूर्य नाही. ती चार पेटलेली पिसं नाहीत. वरचा अर्धा फोटो म्हणजे धुतलेलं धोतर. आणि खाली, मंजू, खाली माझं रान. ढेकूळन् ढेकूळ. पऱ्हाटीची वाळकी खोडं, विहिरीचा कठडा, त्यावर भावाचा टॉवेल, बाभळीच्या खोडाला गुंडाळलेली दोरी, कडेला स्कार्फ बांधलेला माझा खांदा. आणि बांधावर माय. किटली हातात, दुसरा हात कमरेवर, सरळ आपल्याकडं बघतेय, की आता तरी येऊ का बायांनो. तिच्या कपाळावरच्या आठ्यासुद्धा दिसतात.

मुक्ता म्हणाली, उडवायचे ना हे? मी तिचा हात धरला.

हे तुझ्याकडं होतं. मी चप्पल घालून तुझ्या हॉलमध्ये उभी राहिले, मायचं वाक्य तुला ऐकवलं, तेव्हा हे आतल्या खोलीत होतं. तू पाणी आणलंस आणि हे आणलं नाहीस. का, तर चुकलेलं गणित! माझी माय भिंतीकडं बघत बसली होती आणि तुला तुझ्या आयएसओची लाज वाटत होती. अगं, कोण हसणार होतं तुला? मी? मायला आयएसओ म्हणजे काय ठाऊक होतं?

आणि दाखवायचं नव्हतं तर ठेवलंस तरी कशाला? जागा नाही म्हणून बक्षिसाच्या फोटोचं पीठ फेकलंस आणि हे बिघडलेलं मात्र पिठासकट जपून ठेवलंस. माझ्यासाठी ठेवलंस. एवढं कळतं मला, मी काही दगड नाही. पण ते तोंडानं सांगून, हातात देऊन, माझ्या दोन शिव्या खाऊन गेली असतीस तर तुझं काय बिघडणार होतं?

मी त्यातला एक भिंतीएवढा मोठा करून घेतला आणि मायकडं नेला. तिला आता मधलं वाटीभर दिसतं, म्हणून ती फोटो सरकवत सरकवत बघते, चाळणीत धान्य बघावं तसं. ही हीर, म्हणाली. ही बाभळ. हा तुझ्या भावाचा टावेल, कुठंबी टाकायचा. मग थांबली. "ही मीच की गं! त्या बाईनं च्या गार करायला लावला होता त्या दिवशी." बराच वेळ तिथंच राहिली. मग वर सरकली आणि विचारलं, "वर पांढरं कशानं झालं?"

मी म्हटलं, "सूर्य जळाला माय. चुकलं तिचं."

"जळंना का," माय म्हणाली. "रान दिसायलंय की."

तिथं मी रडले. बायकांना सांगायला हरकत नाही आता.

प्रदर्शन लागलंय. तुझे सगळे शालू लावलेत मी, केशरी, जांभळे, तो बक्षिसाचासुद्धा. आणि मधोमध, हॉलमध्ये शिरताच समोर, तो पांढरा. बडी बाई म्हणाल्या, हा बिघडलाय ना? मी म्हटलं, होय. मुक्तानं माझा पदर ओढला, "मावशी, आईला हे अजिबात चाललं नसतं. एक आयएसओ विसरलेला फोटो, तोही मध्यभागी?" मी म्हटलं, ठाऊक आहे.

नसेल चालत तर ये आणि भांड. तुझा ट्रायपॉड अजून माझ्या गाडीला बांधलेलाच आहे, त्याच शालीत. रविवारी पहाटे मी तुझ्या गेटपाशी येते आणि एकदाच हॉर्न देते. वॉचमनला सवय झाली आहे, तो काही विचारत नाही. तू खाली ये, मला वाट्टेल ते बोल, फोटो भिंतीवरून उतरवून ने. फक्त मागाहून येते म्हणू नकोस.